भिंगरीमास्तर

त्यांच्या घरात कपडे वाळत घालायला दोरी नव्हती. अकोल्यात त्यांच्या शेजारची खोली मी भाड्याने घेतली, तेव्हा पहिल्याच सकाळी हे माझ्या ध्यानात आलं. सरांच्या बायकोची, म्हणजे आमच्या वहिनींची लुगडी मेंदीच्या कुंपणावर पसरलेली, सरांचं धोतर अंगणातल्या बाजेवर, पंचे तुळशीच्या कठड्यावर. मी आपला शेजारधर्म म्हणून सुतळी आणली आणि त्यांच्या कडुनिंबापासून छपराच्या वाशापर्यंत बांधायला घेतली, तर आतून दणका आला.

"ओ भूगोल! तार बांधून राहिले काय माह्या आंगनात?"

मी शाळेत भूगोल शिकवायचो. ते आम्हा सगळ्या सहकाऱ्यांना विषयाच्या नावानेच हाक मारायचे. संस्कृत, गणित, चित्रकला. हेडमास्तरांना ते पाठीमागे 'हजेरी' म्हणत.

"तार नाही सर, सुतळी आहे."

"सुतळी, तार, पताका, पतंगाचा मांजा, वरून येणाऱ्याले सारं सारखंच. दिसत नाई. सोडा ते."

वरून कोण येणार होतं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. ते मला दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं. हे गृहस्थ आमच्या शाळेत विज्ञान शिकवत आणि गावात त्यांना भिंगरीमास्तर म्हणत. मूळचे वलगावकडचे. घरी बागवानी, बाप आणि भाऊ वांगी, कोबी, शेवंती लावून अमरावतीच्या बाजारात आणायचे. शिकले ते हे एकटेच. कॉलेज अर्ध्यावर टाकून युद्धात गेले आणि आसामच्या हद्दीवर, विमानांच्या इंजिनांची देखभाल करणाऱ्या तुकडीत लागले. तिथे त्यांनी एक यंत्र पाहिलं.

"धावपट्टी नाई, काई नाई," ते सांगायचे, आणि सांगताना त्यांचे दोन्ही हात आपोआप डोक्यावर जाऊन गोल फिरू लागायचे. "जागच्या जागी सरळ वर! हवेत थांबते. मनात आलं तं मागं बी जाते. विमान जिथं जाऊ शकत नाई, तिथं हे जाते."

पलीकडच्या जंगलात अडकलेल्या जखमी शिपायांना ते यंत्र एकेक करून उचलून आणत होतं. एकेक, कारण वैमानिकाशिवाय दुसरा एकच माणूस त्याला पेलत असे. आणायचं, उतरवायचं, पुन्हा जायचं. सर त्या फेऱ्या पाहत उभे राहिले आणि तिथेच त्यांच्या जन्माची दिशा ठरली. युद्ध संपलं, परत येऊन त्यांनी पदवी घेतली, मास्तरकी पत्करली, आणि हेलिकॉप्टर या विषयावर बोलायला सुरुवात केली ती थांबली नाही.

ऐकणार कोण? वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या राज्यात होता, जुनी माणसं अजून 'सीपी-बेरार' असंच म्हणत, आणि साधं विमान गेलं तरी अख्खी आळी अंगणात धावत यायची. अशा ठिकाणी हवेत थांबून मागे जाणारं यंत्र म्हणजे मास्तरांनी युद्धावरून आणलेलं डोक्याचं दुखणं, असंच लोकांनी धरलं.

सरांना त्याची फिकीर नव्हती. दिसायला भरभक्कम, दोन मणांच्या पुढचा देह, आवाज बडनेऱ्याच्या फलाटावर ऐकू जाईल असा. कोणताही धडा असो, तो शेवटी वर उडायचाच. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गात विचारलं, "पण इंजिन बंद पडलं, तर ते दगडासारखं खाली येणार नाही का?" सर एकदम खूश. "चला जी साहेब, बाहेर चला!" म्हणून त्यांनी साहेबांना मैदानात नेऊन उभं केलं, स्वतः शाळेच्या गच्चीवर चढले आणि तिथून महारुखाच्या झाडाच्या चपट्या, पंखासारख्या शेंगा ओंजळीने सोडल्या. गिरक्या घेत, घाई न करता त्या साहेबांच्या टोपीवर, खांद्यावर उतरल्या.

"हिले कोनतं इंजिन हाय?" वरून गर्जना आली. "पडता पडता वाराच फिरवते पंखा! वैमानिक शहाना असला तं असाच उतरते!"

साहेबांनी शेरा चांगला दिला. हेडमास्तरांचं मत मात्र बदललं नाही, कारण त्यांचं सरांशी भांडण मैदानावरून होतं. सरांनी ते मैदान आपलं मानलं होतं. खडे वेचून घेत, मुरूम दाबून घेत, पत्र्याचा तुकडा दिसला की उचलत. स्नेहसंमेलनाला मैदानभर पताका लावल्या होत्या, त्या सरांनी सकाळी उठून कात्रीने कापल्या. हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, आज आकाशातून कोण येणार आहे?"

"आज नाई येत," सर शांतपणे म्हणाले. "पन येईन तो दिवस सांगून येनार हाय का?"

मीही हसणाऱ्यांतलाच. पण एका रविवारी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो असताना त्यांनी आपण होऊन एक गोष्ट सांगितली. तेच यंत्र, नंतरच्या एका दिवशी, झाडांमधल्या मोकळ्या जागेत उतरत होतं. दोन झाडांच्या मधून लष्करी टेलिफोनची बारीक तार गेलेली. फिरतं पातं तिला लागलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं गवतात पसरलं. वैमानिक सरांना ओळखायचा. आदल्या दिवशी त्याने त्यांना चॉकलेट दिलं होतं. आणखी एकदा, सुटका झालेला एक शिपाई आनंदाने उतरला आणि यंत्राच्या शेपटीकडून पळत निघाला. शेपटीलाही एक छोटा पंखा असतो. जोरात फिरायला लागला की तो दिसतच नाही.

"नुसती हवा दिसते," सर म्हणाले. मग बराच वेळ ते शेंगा सोलत राहिले. "चांगली वस्तू हाय म्हून तं जपून वापरा लागते, भूगोल. लोक हसतेत. हसू द्या. पन दोरी बांधू नका."

वहिनी आतून हे ऐकत होत्या. त्या सडसडीत, उंच, जिभेने तिखट. माहेर पूर्णेच्या काठी, काळ्या जमिनीचं शेतकरी घर. सरांच्या बोलण्याला कंटाळून मुलं पळायची, शिक्षक काम काढून उठायचे. वहिनींना कुठे जायला जागा नव्हती. त्या भाकरी थापत, सर पाटावर बसून शिकवत. वारं कुठून आलं तर कसं उतरायचं, पंखा फिरताना वाकून कसं जायचं, खाली उभ्या माणसाने हात कसे करायचे.

"आइकून राहिली ना व?"

"आइकून राहिली. तुमच्या त्या यंत्रात चून भाकर पोचवता येते काय वावरात? मंग सांगा."

"काहून नाई? सारं येते!"

"मंग आना एक. तोवर दळन आनून द्या."

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. त्यातलं काय त्यांच्या कानांत राहिलं आणि काय चुलीत गेलं, हे कोणालाच माहीत नव्हतं. सरांनाही नाही.

मग तो श्रावण आला. पाऊस आठवडाभर थांबलाच नाही आणि पूर्णा दोन्ही काठ सोडून शेतांत शिरली. रोज नव्या गावाचं नाव कानावर येऊ लागलं. एका सकाळी वहिनींच्या माहेरचा एक सालदार, कमरेपर्यंत चिखलाने माखलेला, दारात येऊन उभा राहिला. गावात पाणी शिरलं होतं. सगळी माणसं गावच्या जुन्या मातीच्या गढीवर चढून बसली होती आणि गढीच्या चहूकडे पाणी. हा गडी आदल्या दिवशी पलीकडच्या वावरात होता म्हणून सुटला.

"अन् वयनी?" वहिनींनी विचारलं. त्यांची भावजय दिवसांत होती.

"गढीवरच हाय जी. पोट दुखून राह्यलं म्हने कालपासून. तुमच्या मायबाई पलीकडून वरडून सांगत होत्या. डोंगा घातला होता लोकायनं, तो उलटला. धार लई हाय."

  सरांनी पायांत वहाणा घातल्या आणि ते डेप्युटी कमिशनरांच्या बंगल्यावर निघाले. मी मागोमाग.

साहेब माणूस बरा होता, पण दमलेला. सरांनी तोंड उघडताच त्याने हात वर केला. "मास्तर, तेच चाललं आहे. मोर्शीकडे संत्र्याच्या बागांवर फवारणीचा प्रयोग दाखवायला एका खाजगी कंपनीचं हेलिकॉप्टर आलेलं आहे. सरकारने ते मागून घेतलं. आज इकडे येतं आहे. मला फक्त एवढं सांगा, ते उतरवू कुठे? सगळीकडे चिखल आणि तारा."

सरांचा चेहरा त्या क्षणी कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. ते एवढंच म्हणाले, "साहेब, जागा तयार हाय."

आम्ही शाळेत धावत आलो. हेडमास्तर व्हरांड्यात उभे होते. सरांनी काही सांगायच्या आधी तेच म्हणाले, "मास्तर, काय काय काढायचं ते सांगा." व्हॉलीबॉलचे खांब निघाले. घंटेजवळचा सैल पत्रा निघाला. बघ्यांना सरांनी भिंतीपलीकडे नेऊन बसवलं आणि स्वतः मैदानाच्या टोकाला, वाऱ्याकडे पाठ करून, दोन्ही हात वर करून उभे राहिले.

आधी आवाज आला. मग ढगांच्या खालून ते दिसलं. काचेचा मोठा फुगा, त्यामागे उघड्या सळ्यांची शेपटी, चाकांऐवजी खाली दोन लोखंडी पट्ट्या. मैदानावर येऊन ते हवेत थांबलं. खरोखर थांबलं! भिंतीपलीकडून हजारभर माणसांचा एकच हुंकार उठला. सरांनी हात हळूहळू खाली आणले, आणि त्या हातांना बांधल्यासारखं ते यंत्र खाली आलं. पंखा थांबला तेव्हा सरांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

वैमानिक लालबुंद गोरा होता. युद्धात आणि नंतरही तो आरमारात होता. डोलणाऱ्या जहाजांच्या डेकवर हेलिकॉप्टर उतरवायचं काम त्याने केलं होतं आणि आता बागांवर औषध फवारत फिरत होता. उतरल्या उतरल्या त्याने मैदानाकडे पाहून विचारलं, "ही जागा कोणी राखली?" साहेबांनी सरांकडे बोट केलं. गोऱ्याने त्यांचा हात जोरात हलवला आणि लगेच कामाचं बोलू लागला. वरून त्याला सगळं एकच पाणी दिसत होतं. कोणतं गाव कोणतं, हे दाखवणारा माणूस बरोबर हवा होता. त्या मुलखातला, आणि वजनाला हलका.

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सगळ्यांनीच सरांकडे पाहिलं. उभा जन्म ज्याची वाट पाहिली ते समोर, दार उघडं.

"मी नाई," सर म्हणाले. "मी बसलो तं येताना दुसरं कोनी बसनार नाई. अन् मले तिकडचे रस्ते बी ठाव नाईत." ते वळले आणि भिंतीकडे पाहून ओरडले, "आइकलं का व! इकडं ये!"

वहिनी आल्या. लुगड्याचा काष्टा घट्ट केलेला, पदर कमरेला खोचलेला. त्यांना बहुधा आधीच कळलं होतं.

"तुह्यं माहेर वरून ओयखशीन?"

"माह्यं माहेर मी डोये मिटून बी ओयखीन."

"भेव वाटते?"

"वाटते ना. पन वयनीले तिकडं त्याहून जास्त वाटून राह्यलं असन." मग थोडं थांबून, "डोकं खाली, समोरून जायचं, शेपटीकडं नाई. हेच ना?"

 सरांनी मान हलवली. वहिनी वाकून समोरून गेल्या आणि फुग्यात बसल्या. गोऱ्याला मराठी येत नव्हती, वहिनींना इंग्रजी येत नव्हती. सरांनी दोघांना हाताने ठरवून दिलं: डावा खांदा थोपटला की डावीकडे, उजवा थोपटला की उजवीकडे, हात गच्च धरला की थांब. आणि ते यंत्र माझ्या डोळ्यांसमोर एका शेतकऱ्याच्या लेकीला घेऊन सरळ वर गेलं.

गढीवर काय झालं ते आम्हाला नंतर वहिनींच्या भावाने सांगितलं. आवाज ऐकून माणसं घाबरून एकमेकांना बिलगली. यंत्र खाली येऊ लागलं आणि गढीच्या बुरुजावर थबकलं. आत वहिनींनी गोऱ्याचा हात गच्च धरला होता. बुरुजापासून निंबाच्या झाडापर्यंत लोकांनी ओले कपडे वाळवायला दोरखंड बांधला होता. कपडे वाऱ्याने उडून गेले होते, दोरखंड तसाच होता, आणि मातीच्या रंगात मातीसारखाच झाला होता. गोऱ्याला तो दिसला नव्हता. वहिनींना दिसला. ज्या बाईला घरात इतकी वर्षं दोरी बांधू दिली नव्हती, तिच्या नजरेला दोरी सुटणार कशी?

गोऱ्याने यंत्र दुसऱ्या कडेला नेऊन जमिनीच्या गुडघाभर वर धरलं आणि वहिनींनी खाली उडी मारली. भावाच्या हातातला विळा हिसकावून त्यांनी दोरखंड कापला. झोपड्यांचे आणून ठेवलेले सैल पत्रे दगडांखाली दाबायला लावले. बायांना पदर खोचायला लावलं, पोरांना एका कोपऱ्यात बसवलं आणि हातात काठी घेऊन स्वतः शेपटीच्या बाजूला उभ्या राहिल्या. "इकडून जो येईन त्याचं टकुरं मी फोडीन!" कोणी आलं नाही. मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि सावकाश खाली आणले.

गढीची पांढरी माती, काळ्या जमिनीसारखी फसणारी नाही. यंत्र त्यावर अलगद बसलं. इकडे मैदानात आम्ही ढगांकडे डोळे लावून होतो. सर येरझारा घालत होते. आवाज आला, यंत्र उतरलं, सर वाकून धावले. आत वहिनींची भावजय होती, वेणांनी पांढरी पडलेली, आणि तिला धरून बसलेली तिची सासू. वहिनी नव्हत्या.

"कुठाय ते?" सर ओरडले.

"ते नाई आली," म्हातारी म्हणाली. "म्हने, मी गेली तं इथं दोरी कोन पाहीन? जावईबापू, पोरीनं लई केलं हो. लई केलं."

 सरांनी भावजयीला उचलून दवाखान्यात न्यायच्या बैलबंडीत ठेवलं आणि ते मैदानात परत आले. पुढची फेरी, त्याच्या पुढची फेरी. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, तापाने फणफणलेला एक इसम. प्रत्येकाला सर स्वतः हाताला धरून, वाकवून, समोरून बाहेर काढत. तिकडे एक टोक वहिनींच्या हाती, इकडे एक यांच्या, आणि मधे तो गोरा न थकता येत-जात होता. दुपारी चहा पिताना तो सरांना म्हणाला, "चहूकडे पाणी, मधे एवढीशी जागा. मी तर तिला जहाजच समजतो. आणि जहाजावरचा हुकूम तुमच्या बायकोचा आहे. आमच्या आरमारात असते तर मी तिला सलाम ठोकला असता."

सरांनी हे आम्हा सगळ्यांना मराठीत सांगितलं. तीनदा.

दिवस मावळायच्या आत शेवटच्या फेरीला वहिनी आल्या. धडधाकट माणसं पाणी ओसरेपर्यंत गढीवर थांबणार होती. त्यांच्यासाठी पीठ, गूळ, काड्यापेट्या पोचल्या होत्या. वहिनी उतरल्या, वाकून समोरून चालत आल्या, आणि सरांसमोर उभं राहून पहिला प्रश्न केला, "वयनीचं काय झालं?"

"पोरगी झाली," सर म्हणाले. "दोघी बऱ्या हायेत."

मग त्या दोघांनी काय केलं ते मी पाहिलं नाही, कारण मैदानात जो जल्लोष उठला त्यात मला कोणीतरी उचललं होतं. हेडमास्तर गणिताच्या मास्तरांच्या गळ्यात पडून रडत होते. त्या दिवशी गढीवरचं एकही माणूस दगावलं नाही.

हेलिकॉप्टर दुसऱ्या सकाळी पुढच्या गावांकडे गेलं. सरांना त्यात बसायला मिळालं नाही ते नाहीच.

पाणी ओसरल्यावर एका रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात वहिनींचा सत्कार ठेवला. वलगावहून सरांच्या भावांनी शेवंतीच्या पाट्याच्या पाट्या आणल्या. डेप्युटी कमिशनर बोलले, हेडमास्तर बोलले. सरांना बोलायला सांगितलं तेव्हा आम्ही दुपारपर्यंत बसायची तयारी केली, पण ते उठून म्हणाले, "मी ह्यायचा नवरा," आणि खाली बसले. टाळ्या थांबेनात.

मग वहिनी उठल्या. मला वाटलं दोन शब्द बोलतील. त्यांनी पदर सारखा केला आणि सुरुवात केली. यंत्र कसं उठतं, पंखा काय करतो, शेपटी कशाला असते, खाली उभ्या माणसाने काय करायचं, काय करायचं नाही. अस्सल वऱ्हाडीत, एक शब्द न अडखळता. सभागृह टाचणी पडली तर ऐकू येईल असं. सर पहिल्या रांगेत, हातांची घडी घालून, नव्या विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. शेवटी वहिनींनी विचारलं, "कोनाले काई इचाराचं हाय?"

सरांनी हात वर केला. सभागृह हसलं. पण ते उभे राहिले तेव्हा त्यांचा आवाज इतका हळू होता की मागच्यांना ऐकू गेला नसेल.

"वरून कसं दिसते व?"

वहिनी थांबल्या. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांना शब्द शोधावे लागले.

"पह्यले पोटात खड्डा पडते," त्या म्हणाल्या. "मंग भेव खालीच राह्यते. सारी पूर्णा एका नजरेत दिसते, कुठून कुठवर पसरली ते. वावरं, धुरे, झाडायचे शेंडे. माह्या बापाचं घर इतकं लहान, तयहातावर घेता येईन असं. अन् आपन त्याच्यावर थांबलो. नुसते थांबलो हो, हवेत. कोनाचा आधार नाई अन् पडत बी नाई."

सर उभेच होते.

"अजून एकदा सांग," ते म्हणाले.

वहिनी हसल्या आणि पहिल्यापासून सांगू लागल्या. सभागृहातून कोणीही उठलं नाही.